सहा दिवसांत स्पीती, तेही मनालीकडून? आई-वडील सोबत असताना मार्ग कसा ठरवावा

आपला प्रश्न असा आहे: साठी ओलांडलेले आई-वडील आणि दहा वर्षांचा मुलगा सोबत आहेत, मे महिन्याच्या अखेरीस सहा दिवस हाताशी आहेत, आणि मनालीहून निघून पहिला मुक्काम चंद्रताल तळ्याला, मग स्पीतीतले मुख्य गाव काझा, तिथला ‘की’ नावाचा गोंपा (बौद्ध विहार), ताबोचा विहार आणि परत मनाली असा बेत एका ओळखीच्यांनी आखून दिला आहे. हे जमेल का आणि ताबोला किती वेळ द्यावा, असे आपण विचारले आहे. अनेक वर्षे महाराष्ट्रातले गट हिमाचल प्रदेशातल्या स्पीती खोऱ्यात घेऊन जात असल्याने हा बेत मला नवा नाही. थोडक्यात सांगायचे तर दिवस कमी आहेत ही यातली दुय्यम अडचण आहे. मुख्य अडचण दिशेची आहे. स्पीतीत आपण कोणत्या बाजूने शिरता यावर आई-वडिलांची तब्येत तर अवलंबून असतेच, पण तिथला वारसा आपल्याला कितपत कळेल हेही बरेचसे त्यावरच ठरते.

आधी उंचीचे पाहू. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि चंद्रताल ४,२०० मीटरच्या वर. म्हणजे सकाळी मनालीत चहा घेतलेला माणूस त्याच रात्री दोन हजारांहून अधिक मीटर उंच जाऊन झोपणार. दिवसा उंचीवर जाऊन येणे शरीर बऱ्यापैकी सोसते, पण झोपेत श्वास मंदावतो, रक्तातला प्राणवायू आणखी उतरतो आणि त्रास बहुधा रात्रीच सुरू होतो. त्यामुळे आम्ही दिवसभरात गाठलेल्या उंचीपेक्षा मुक्कामाच्या उंचीचा हिशेब ठेवतो. साधारण नियम असा की ३,००० मीटरच्या पुढे रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. आपल्या बेतात हा नियम पहिल्याच रात्री मोडतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी नकाशा पाहून सहसा लक्षात येत नाही. उंचीचा त्रास वाढला तर खरा उपाय एकच असतो, तो म्हणजे खाली उतरणे. मनालीकडून काझाला पोहोचलेल्या माणसाला परत मनालीकडे उतरायचे असेल तर आधी ४,५५१ मीटरची कुंझुम खिंड चढावी लागते. ज्याला उतरण्याची निकड आहे त्यालाच आणखी वर न्यायचे, आणि तेही चंद्रा नदीकाठच्या दगडगोट्यांच्या रस्त्याने. किन्नौरच्या, म्हणजे सतलजच्या खोऱ्यातल्या शेजारच्या जिल्ह्याच्या बाजूने आलेल्याला ही अडचण येत नाही, कारण काझाहून ताबो, तिथून किन्नौर असा रस्ता एकंदरीत उतरत जातो. सह्याद्रीत वर्षानुवर्षे चढाई केलेल्यांनाही हे मला पुन्हा पुन्हा सांगावे लागते. आपले कळसूबाई १,६४६ मीटरचे. गड चढून कमावलेला दमसास उपयोगी पडतोच, पण विरळ हवेशी जुळवून घेण्याचे काम शरीर आपल्या गतीने करते आणि तिथे तरुण-म्हातारा, सराईत-नवखा असा भेद फारसा चालत नाही.

म्हणून माझी शिफारस अशी, की शिमल्याकडून जावे, सतलजच्या खोऱ्याने किन्नौर ओलांडून स्पीतीत शिरावे, आणि रस्ता खुला असेल तरच शेवटी कुंझुमवरून मनालीला उतरावे. मुक्काम असे पडतात: नारकंडा सुमारे २,७०० मीटर, मग त्याहून खाली असलेले सराहन, मग कल्पा सुमारे २,९५० मीटर, ताबो ३,२८० मीटर आणि काझा सुमारे ३,६५० मीटर. ३,००० मीटरच्या पुढची, म्हणजे कल्पानंतरची प्रत्येक पायरी साडेतीनशे मीटरच्या आसपासची आहे. वाटेतले नाको ताबोपेक्षा उंच, ३,६०० मीटरच्या पुढे आहे. तिथे दुपारी थांबावे, तळ्याभोवती फिरावे, अकराव्या-बाराव्या शतकातली जुनी मंदिरे पाहावीत आणि झोपायला ताबोला उतरावे. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपणे ही शरीराला सवय लावण्याची उत्तम रीत, आणि या रस्त्यावर ती आपोआप साधते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. कुंझुम साधारण जूनमध्ये खुली होते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फाने बंद होते, पण नेमकी तारीख त्या वर्षीच्या बर्फावर आणि रस्ता साफ करणाऱ्यांच्या कामावर ठरते. मे महिन्याच्या अखेरीस ती खुली असेल असे धरून विमानाची परतीची तिकिटे काढणे धोक्याचे आहे. स्वतः स्पीती पर्जन्यछायेत आहे; सह्याद्री ओलांडल्यावर माण-खटावकडे पाऊस जसा आटतो तसाच तो किन्नौरच्या वरच्या भागात आटतो. मात्र स्पीतीला पोहोचवणारे रस्ते पावसाच्या पट्ट्यातून जातात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये काझात ऊन पडलेले असताना खाली दरड कोसळून रस्ता अडलेला असू शकतो. मला स्वतःला सप्टेंबर सर्वांत आवडतो. आकाश स्वच्छ असते, ओढ्यांचे पाणी उतरलेले असते आणि गावोगावी जवाची कापणी चालू असते. मुलाच्या शाळेमुळे सप्टेंबर शक्य नसेल तर मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा चालेल, पण मग किन्नौरनेच जाऊन किन्नौरनेच परत यायचे हे आधीच मनाशी पक्के करावे. दिवाळीच्या सुट्टीत मात्र वृद्धांना नेऊ नये. तोवर रात्री नळ गोठू लागतात आणि बरीच निवासस्थाने बंद होतात.

किन्नौरच्या रस्त्याचा मी आग्रह धरतो त्याला तब्येतीपलीकडचे कारण आहे. सराहनला भीमाकाली मंदिरापुढे उभे राहून त्याच्या भिंती जवळून पाहाव्यात. देवदाराची आडवी तुळई, तिच्यावर दगडाचा थर, त्यावर पुन्हा तुळई, अशी ती बांधणी आहे; तिथे तिला काठकुणी म्हणतात. दगडाच्या वजनाला लाकडाची लवचीकता मिळते आणि भूकंपात भिंत हलते पण सहसा ढासळत नाही. वर उतरते छप्पर असते, कारण तिथे पाऊसही आहे आणि बर्फही. कल्पापर्यंत हे देवदार सोबतीला असतात. पुढे पूह ओलांडले की झाडे संपत जातात, खाबजवळ स्पीती नदी सतलजला मिळते, रस्ता कड्याच्या पोटातून वर चढतो, आणि नाकोला पोहोचेपर्यंत घरे मातीची व सपाट छपरांची झालेली असतात. वस्तीच्या कडेचे विलो आणि पॉपलर माणसांनी पाणी घालून वाढवलेले. लाकूड नाही आणि पाऊस नाही, म्हणून माती. हा बदल एका दिवसाच्या प्रवासात डोळ्यांदेखत घडलेला असला, की दुसऱ्या दिवशी ताबो पाहताना ती इमारत अशी का आहे हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. मनालीकडून येणाऱ्याला काझाच आधी दिसते आणि ताबो हे त्याच्यासाठी परतीच्या घाईतले, बाहेरून मातीचा ढिगारा वाटणारे एक ठिकाण होऊन बसते.

ताबोला किती वेळ द्यावा, या प्रश्नाचे माझे उत्तर दोन रात्री असे आहे. सर्वांना हे जास्त वाटते. ताबोचा विहार इसवी सन ९९६ मध्ये पश्चिम तिबेटातल्या गुगे-पुरंगचा राजा येशे-ओ याच्या आश्रयाने उभा राहिला आणि पुढे सेहेचाळीस वर्षांनी त्याच घराण्यातल्या जांगचुब-ओ याने त्याचे नूतनीकरण केले. या काळात रिंचेन झांगपो (९५८ ते १०५५) या महान भाषांतरकाराने काश्मीरला जाऊन संस्कृत ग्रंथ आणले आणि तिथले कलावंतही पश्चिम हिमालयात आणले, अशी परंपरा आहे. ताबोच्या चित्रांत काश्मिरी हात स्पष्ट दिसतो. काश्मीरमधली त्या काळची भिंतीवरची चित्रे आज जवळजवळ उरलेली नाहीत, त्यामुळे ती कला कशी होती हे पाहायला ताबोसारख्या ठिकाणीच यावे लागते.

याला हिमालयातले अजिंठा म्हणतात. आपण मराठी माणसे अजिंठा पाहून गेलेली असतो म्हणून ही तुलना उपयोगाची आहे, पण ती कुठे थांबते हेही ध्यानात घ्यावे. अजिंठ्याची बहुतेक चित्रे पाचव्या शतकातली आणि कातळात कोरलेल्या लेण्यांच्या गिलाव्यावरची. ताबोची त्यानंतर पाच शतकांनी काढलेली आणि पूर्णपणे मातीच्या इमारतीतली. भिंत मातीची, मूर्ती मातीच्या, छप्परही लाकडाच्या वाशांवर काटक्या आणि माती अंथरून केलेले. त्याला हजार वर्षे झाली.

मुख्य सभागृहात, ज्याला दुखांग म्हणतात, शिरल्यावर काही मिनिटे काहीच दिसत नाही. तिथे घाई करू नये. डोळे अंधाराला सरावले की प्रथम जाणवते ते असे, की भिंतींवर माणसाच्या डोक्याच्या उंचीच्या आसपास मूर्ती बसलेल्या आहेत आणि त्या भिंतीतूनच पुढे आल्यासारख्या दिसतात. या बत्तीस देवता आणि मध्ये चारही दिशांना तोंड केलेला वैरोचन बुद्ध मिळून वज्रधातू मंडल, म्हणजे देवतांची ठरावीक वर्तुळाकार मांडणी, होते. मंडल एरवी आपण कापडावर किंवा भिंतीवर सपाट काढलेले पाहतो. इथे ते खोलीच्या आकाराचे आहे आणि पाहणारा त्याच्या आत उभा असतो. मूर्तींच्या खालच्या पट्ट्यात चित्रांच्या ओळी आहेत. दक्षिणेच्या भिंतीवर सुधन नावाच्या तरुणाची एका गुरूकडून दुसऱ्या गुरूकडे जाणारी ज्ञानयात्रा आहे, उत्तरेच्या भिंतीवर बुद्धाचे चरित्र. आपल्या मुलाला सुधनाची गोष्ट आदल्या रात्री सांगून ठेवावी आणि मग त्याला ती भिंतीवर शोधू द्यावी. मुले यात तासभर रमलेली मी पाहिली आहेत, आणि मोठ्यांना न दिसलेले बारकावे तीच दाखवतात.

आत छायाचित्रे काढायला मनाई आहे आणि ती काटेकोरपणे पाळावी. पिवळसर, मंद प्रकाशाची विजेरी सोबत असावी, पण तीही चित्रांवर रोखून धरू नये. मातीच्या भिंतीचा मोठा शत्रू ओल आहे. छप्पर कोरड्या हवेसाठी बांधलेले आहे, त्यामुळे थोडा अधिक पाऊस झाला तरी पाणी झिरपून रंगांवर ओघळ उतरतात, आणि लहान खोलीत गर्दी झाली की माणसांच्या श्वासाची आर्द्रताही भर घालते. म्हणून मी गटाला एकदम आत नेत नाही. पहिल्या दिवशी सायंकाळी केवळ आवाराला फेरी मारायची, मातीच्या भिंती आणि छोर्तेन (स्तूप) पाहायचे, नव्या सभागृहातल्या प्रार्थनेला बसायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी चार-चार जणांनी दुखांगमध्ये जायचे, बाहेर येऊन ऊन खायचे आणि मनात असेल तर दुपारी पुन्हा जायचे. मधल्या वेळेत गावावरच्या कड्यातल्या भिक्षूंच्या गुहा पाहता येतात. आई-वडिलांना ती चढण जड वाटली तर त्यांनी खाली सफरचंदाच्या बागांकडे चालावे. ताबोची दुसरी रात्र शरीरालाही हवीच असते. एका मुक्कामात दोन्ही कामे होतात, आणि याच कारणाने मी हा मुक्काम कधीही कापत नाही.

ताबोहून काझाला जाताना धनकर आहे. स्पीती आणि पिन या नद्यांच्या संगमावर, झिजून सुळके झालेल्या कड्यावर जुना गोंपा टांगल्यासारखा उभा आहे. हीच एके काळी स्पीतीची राजधानी होती. पायाखालचा कडाच खचत असल्याने २००६ मध्ये जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या शंभर वारसास्थळांच्या यादीत त्याचे नाव आले. जिने अरुंद आहेत, दारे बुटकी आहेत. आत थोड्याथोड्या लोकांनीच जावे. वरच्या तळ्यापर्यंतची चढण सुमारे तासाभराची आणि दमवणारी आहे. आपण आणि मुलगा ताजेतवाने असाल तर जावे, आई-वडिलांनी गावात बसून संगमाकडे पाहावे. माझ्या मते तिथून दिसणारे खोरे, करड्या वाळूच्या पात्रात वेण्यांसारखे फुटत आणि पुन्हा मिळत जाणारे नदीचे प्रवाह, हे स्पीतीतले सर्वांत सुंदर दृश्य आहे आणि त्यासाठी एक पाऊलही चढावे लागत नाही.

काझाला चार रात्री राहावे. पहिल्या दिवशी की गोंपा आणि किब्बर. की गोंपा ४,१६६ मीटरवर आहे. टेकडीवर एकावर एक रचलेल्या खोल्यांचा जो आकार छायाचित्रांत आपण पाहतो, तो कोणी एकदाच आखून बांधलेला नाही. मंगोलांची स्वारी, १८४१ ची डोग्रा स्वारी आणि १९७५ चा किन्नौर भूकंप अशा आघातांनंतर पुन्हा पुन्हा जोडत, डागडुजी करत तो तसा झाला आहे. पुढे चिचमचा पूल आहे, खोल घळीवरचा. मुलाला तो फार आवडेल. दुसऱ्या दिवशी लांग्झा, हिक्किम, कोमिक. लांग्झाच्या मागे चाऊ चाऊ कांग निल्दा हे ६,३०३ मीटरचे शिखर आहे आणि तिथल्या शेल नावाच्या काळ्या, थरांच्या खडकात अमोनाइटचे जीवाश्म सापडतात, म्हणजे शंखाच्या वळ्या असलेले सागरी प्राणी. हिमालय उभा राहण्यापूर्वी इथे टेथिस समुद्र होता त्याची ही खूण. गावात मुले ते विकायला आणतात. विकत घेऊ नयेत आणि उचलूनही आणू नयेत. मुलाला जागेवरच हातात घेऊन पाहू द्यावे आणि परत ठेवायला सांगावे. कोमिक ४,५०० मीटरच्या पुढे आहे. आई-वडिलांना तोवर काझात दोन रात्री चांगली झोप लागली असेल तरच त्यांना तिकडे न्यावे, आणि तिथे अर्ध्या-पाऊण तासापेक्षा अधिक थांबू नये. तिसरा दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवतो. रस्ता अडणे, पोट बिघडणे, यांपैकी काही ना काही तो दिवस मागतेच. काहीच घडले नाही तर पिन खोऱ्यात मुदपर्यंत जाऊन यावे.

चंद्रताल या मार्गात अखेरीस येते, तेव्हा शरीर तयार असते. तरीही आई-वडिलांसोबत तिथे मुक्काम करू नये असेच मी म्हणेन. २००५ पासून ते रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतले पाणथळ क्षेत्र आहे, तळ्याकाठी तंबू ठोकायला बंदी आहे, आणि काही किलोमीटर अलीकडे असलेल्या तंबूंत जूनमध्येही रात्र कडक थंडीची जाते. कुंझुम खुली असली तर काझाहून पहाटे निघावे, तळे पाहावे आणि त्याच दिवशी अटल बोगद्यातून मनालीला उतरावे. पहाटेचे कारण पाण्याचे आहे: ऊन चढले की बर्फ वितळते आणि बाताल ते ग्राम्फू या टप्प्यात रस्त्यावरून वाहणारे नाले दुपारनंतर फुगतात. जो नाला सकाळी चाकाच्या अर्ध्यावर असतो, तो तीन वाजता गाडी अडवतो.

तब्येतीबाबत. निघण्यापूर्वी आई-वडिलांच्या डॉक्टरांना उंचीचे आकडे दाखवून सल्ला घ्यावा. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर त्यांचा निर्णय अंतिम मानावा. उंचीसाठीची गोळी घ्यायची का हेही तेच ठरवतील, शेजाऱ्याने दिली म्हणून घेऊ नये. डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे इतपत त्रास पुष्कळांना होतो आणि विश्रांतीने, भरपूर पाणी पिण्याने ओसरतो, पण तो असेपर्यंत आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, तोल जाणे, असंबद्ध बोलणे यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये, त्याच वेळी खाली निघावे. प्राणवायूचे नळकांडे गाडीत जरूर ठेवावे, मात्र ते वाटेत आधार देण्यासाठी आहे, वर थांबून राहण्यासाठी नव्हे. मुले त्रास नीट सांगत नाहीत. मुलगा विनाकारण चिडचिडा झाला आणि जेवायला नको म्हणू लागला तर ते उंचीचेच लक्षण समजून वागावे.

व्यवहाराच्या काही गोष्टी. गाडीचा चालक किन्नौर-स्पीतीचा असावा, त्याला नाल्यांची आणि दरडींची वेळ कळते. भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही, पण किन्नौर-स्पीतीच्या सीमेवरच्या सुमदोच्या चौकीवर ओळखपत्र विचारतात. काझाच्या पलीकडे पेट्रोल नाही असे धरून चालावे आणि रोख पैसे शिमल्यातच काढून ठेवावेत. गोंपात व मणि-भिंतींशी (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंतींशी) आपल्या प्रदक्षिणेप्रमाणेच वास्तू उजव्या हाताला ठेवून चालावे.

एकत्र पाहता नारकंडा एक, सराहन एक, कल्पा एक, ताबो दोन, काझा चार आणि मनाली एक अशा दहा रात्री होतात. एवढी रजा मिळत नसेल तर सहा दिवसांत सगळी स्पीती बसवण्याचा प्रयत्न करू नये. त्या सहा दिवसांत सराहन, कल्पा आणि ताबो करून परत यावे. की गोंपा आणि लांग्झा राहतील, पण स्पीतीतले सर्वांत जुने आणि सर्वांत मोलाचे जे आहे ते आई-वडिलांना निवांत पाहता येईल, आणि तेही ३,२८० मीटरच्या वर एकही रात्र न काढता. रजेचा महिना नक्की झाला आणि डॉक्टरांचे मत मिळाले की कळवावे. मे महिनाच ठरला तर किन्नौरमार्गेच परतीचे मुक्काम कुठे घ्यावेत ते मी सविस्तर लिहीन. तोवर विमानाचे परतीचे तिकीट काढू नये.